पासपोर्टचं काय ते विचारा : मधलं नाव, आजीची १ जून आणि मुंढव्याची चक्कर

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या की भाच्याचा पासपोर्ट कुठल्याही एजंटशिवाय आरामात घरी आला, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर सगळंच पासपोर्टला द्यायचं ठरलं. आधीच सांगते, मी पासपोर्ट ऑफिसातली नाही आणि एजंट तर अजिबात नाही. माहेर-सासर मिळून तेरा जणांचे फॉर्म मी भरलेत आणि त्यातले दोन चुकवलेत, एवढीच माझी पात्रता. मला वाटलं होतं सगळे पोलीस व्हेरिफिकेशनबद्दल विचारतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं नावाच्या घोळाची निघाली, म्हणून तिथूनच सुरू करू.

प्रश्न : ताई, माझ्या आधारवर नुसतं नाव आणि सासरचं आडनाव आहे, पॅनवर मध्ये मिस्टरांचं नाव आहे, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव न् माहेरचं आडनाव. लग्नाला अकरा वर्षं झाली, पासपोर्ट पहिल्यांदाच काढतेय. फॉर्मात नक्की काय लिहू? – एक वाचक, वाई

उत्तर : तुमच्यासारखी एकूण सात पत्रं आहेत, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे माणसाचं नाव म्हणजे तीन डबे. स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टच्या फॉर्मात मात्र डबे दोनच, गिव्हन नेम आणि सरनेम. मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही. वडिलांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव हे पुढे स्वतंत्र विचारतात, पण ते तुमच्या नावाचा भाग नाही. म्हणजे मधलं नाव हवं असेल तर ते तुमच्या नावाला चिकटून गिव्हन नेममध्ये जाणार, नको असेल तर तिथे फक्त तुमचं नाव. दोन्ही चालतं. अट एवढीच की जे लिहाल तसंच कागदावर दिसलं पाहिजे.

आणि तुमची खरी अडचण तीच आहे, तीन कागद तीन बायकांचे दिसतात. मी वहिनीच्या वेळी केलं ते सांगते. आधी चहा घेऊन बसलो आणि पुढची वीस वर्षं कुठलं नाव लावायचं ते ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यावरूनच आमच्याकडे दोन दिवस रुसवेफुगवे झाले. मग ते नाव आधी आधारवर करून घेतलं, त्यावरून पॅन, आणि त्यानंतरच पासपोर्टचा फॉर्म उघडला. उलट्या क्रमाने गेलात तर काउंटरवर अडकाल. दहावीचं सर्टिफिकेट बदलायच्या भानगडीत पडू नका, ते जन्मतारखेसाठी आहे आणि तिथे माहेरचंच नाव असणार हे समोरच्या माणसालाही माहीत असतं. फक्त माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा एक धागा हातात पाहिजे, तो म्हणजे लग्नाचा दाखला.

इथे कोणी तुम्हाला म्हणेल की अहो, लग्नाचा दाखला तर २०१६ च्या डिसेंबरमध्येच बंद केला. बरोबर आहे, विवाहित आहे म्हणून दाखला द्याच ही सक्ती तेव्हा काढून टाकली. पण दोन वेगळी नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला काहीतरी लागणारच ना. दाखला नसेल तर नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावून दोघांनी सही करायचं जोडपत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर जे असतं, ते बघा. आणि माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असं पासपोर्टवाले कुठेही म्हणत नाहीत, ते आपले नातेवाईक म्हणतात.

प्रश्न : वडिलांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये त्यांचं एकच नाव आहे आणि आडनावाचा रकाना रिकामा. बहीण दुबईला असते, तिच्याकडे जायचंय. काही अडचण येईल का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : येईल. यूएईने २०२२ च्या नोव्हेंबरपासून एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केलाय. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट री-इश्यूला (म्हणजे जुन्याच्या जागी नवा काढायला) टाका आणि आडनाव त्याच्या रकान्यात आणून ठेवा. माझ्या दोन चुकांतली पहिली चूक हीच होती, सासऱ्यांच्या फॉर्मात मी तिन्ही नावं एकाच रकान्यात कोंबली आणि सरनेम सोडून दिलं. पुढे अमेरिकेच्या व्हिसावर अख्खं नाव आडनाव होऊन बसलं आणि नावाच्या जागी आलं एफएनयू, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. सासरे रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली आणि शेवटी मीच अननोन झालो, हे ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे, माझ्याकडे बघत.

प्रश्न : आजी ७३ वर्षांची, चौथी पास. दादा सिडनीला आहे, त्याला बाळ झालंय म्हणून तिला न्यायचंय. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि आजी म्हणते मी नागपंचमीच्या आसपासची. शिवाय दहावी नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, त्याचा) शिक्का बसेल असं एकाने घाबरवलंय. – एक नात, भोर

उत्तर : नागपंचमीचा पुरावा कुठलंच ऑफिस घेत नाही, त्यामुळे ते तेवढं आजीजवळच राहू दे. १ जून हा महाराष्ट्राचा सार्वजनिक वाढदिवस आहे, जूनमध्ये शाळा भरायची आणि गुरुजी अंदाजाने साल धरून तारीख ठोकून द्यायचे, माझ्या तीन मावश्या आणि एक काका १ जूनचेच. आणि तारीख माहीत नसली की आधारवर नुसतं साल किंवा १ जानेवारी येऊन बसते.

माझं मत विचाराल तर शाळेचा दाखला धरा. जन्मतारखेसाठी लिव्हिंग सर्टिफिकेट चालतं, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, वोटर कार्ड, एलआयसीची पॉलिसी हेही त्या यादीत आहेत. पण यातल्या एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी तारीख असेल तर पोलीस किंवा काउंटरवरचा माणूस विचारणारच. म्हणून आधारवर दाखल्याप्रमाणे तारीख दुरुस्त करून घ्या, पॅन असेल तर तेही बघा. दोन-तीन आठवडे जातील, जाऊ देत. पहिल्या पासपोर्टवर एकदा तारीख छापली गेली की ती बदलायला जो त्रास होतो त्यापुढे हे काहीच नाही.

ईसीआरचं सोडून द्या. एक तर ते काही ठराविक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, नातवंडं खेळवायला जाणाऱ्यांसाठी नाही, आणि दुसरं म्हणजे पन्नाशीच्या पुढचा माणूस दहावी नसला तरी नॉन-ईसीआरमध्येच येतो. फॉर्ममध्ये तो पर्याय नीट निवडा म्हणजे झालं. आणि हो, साठीच्या वरच्यांना नवीन पासपोर्टला फीमध्ये दहा टक्के सूट आहे, म्हणजे आजीचे १,५०० ऐवजी १,३५० रुपये. नवीन म्हणजे पहिलाच, री-इश्यूला ही सूट नाही.

प्रश्न : आम्ही जुन्नरकडचे. पासपोर्टसाठी पुण्यातच यावं लागतं का? आणि पुण्यात म्हणजे बाणेरला की मुंढव्याला? गावातला एकजण बाणेरला जाऊन हात हलवत परत आला. – एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : तो एकटा नाही हो, दर महिन्याला असे किती जात असतील. बाणेर-पाषाण लिंक रोडला आहे ते रीजनल ऑफिस, पासपोर्ट भवन. तिथे फाइल अडकली, पत्र आलं, काही विचारायचं असलं तर जायचं, तेही एन्क्वायरीची अपॉइंटमेंट घेऊन. आपले फोटो, बोटांचे ठसे, कागद तपासणं हे सगळं सेवा केंद्रात, ते मुंढव्याला, खराडी-मुंढवा बायपासवर. दोन्हीमध्ये अख्खं पुणं आहे. अपॉइंटमेंटच्या कागदावर पत्ता छापलेला असतो, आपण तो सोडून बाकी सगळं वाचतो.

पण मुंढव्यालाच यायला पाहिजे असं नाही. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्टची केंद्रं निघाली, पिंपरीला आहे, खाली कोल्हापूरला आहे, आणखीही आहेत. आणि २०१८ च्या जूनपासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो. तुम्हाला नाशिक जवळ पडत असेल, तिकडे पाहुणे असतील, तर तिथली तारीख घ्या. पोलीस मात्र फॉर्मवरच्या पत्त्यावरच येणार. साइटवर केंद्र निवडताना कुठे लवकरची तारीख दिसते ते बघा, पोस्टातलं केंद्र छोटं असतं पण गर्दीही कमी असते.

मुंढव्याला आत गेल्यावर घाबरण्यासारखं काही नसतं. टोकन मिळतं, समोरच्या स्क्रीनवर नंबर लागतो आणि ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून फिरायचं. ए वर खासगी कंपनीची पोरं फोटो-ठसे-स्कॅनिंग करतात आणि तिथेच स्क्रीनवर तुमचं नाव-पत्ता दाखवतात. तेव्हा चष्मा लावून प्रत्येक अक्षर वाचा, मागे रांग आहे म्हणून मान हलवू नका. माझी दुसरी चूक तिथली, पत्त्यात कर्वेनगरऐवजी कर्वे रोड, आणि त्यासाठी पुन्हा सगळी फी भरून री-इश्यू. बी आणि सी वर सरकारी अधिकारी ओरिजिनल बघतात. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल, मोबाइलवरचा फोटो नाही.

प्रश्न : मी लातूरची, नऱ्ह्यात तीन मैत्रिणींसोबत फ्लॅटवर राहते, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. आधार लातूरचं आहे. पत्ता कुठला देऊ? घरमालक अ‍ॅग्रीमेंट द्यायला तयार नाही. – एक विद्यार्थिनी, नऱ्हे

उत्तर : फॉर्ममध्ये प्रेझेंट आणि पर्मनंट असे दोन पत्ते असतात. पोलीस येतात ते प्रेझेंट पत्त्यावर, आणि पोस्टमनही. आता लोक काय करतात, आधार लातूरचं म्हणून प्रेझेंट पत्ता लातूरचा देतात, अपॉइंटमेंट मुंढव्याची घेतात, आणि मग लातूरच्या स्टेशनमधून फोन येतो की उद्या या, तेव्हा इथे सबमिशन चालू असतं. पोलिसांनी घरी विचारलं आणि आई भोळेपणाने म्हणाली की ती तर चार वर्षं पुण्यालाच असते, की संपलं. रिपोर्ट अ‍ॅडव्हर्स. म्हणजे तुमच्या विरोधात गेला. खोटं लिहिलंत असंही होतं ते. म्हणून जिथे खरंच राहता तोच पत्ता द्या.

अ‍ॅग्रीमेंटचं म्हणाल तर घरमालकाला सांगा की भाडेकरार लेखी करून रजिस्टर करणं ही महाराष्ट्रात कायद्याने घरमालकाचीच जबाबदारी आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे ते, तो तुमच्यावर उपकार करत नाहीये. हे जरा गोड शब्दांत सांगा कारण राहायचं तिथेच आहे. हल्ली ते ऑनलाइन घरी येऊन अंगठा घेऊन होतं. चौघींची नावं त्यात असू देत, एकीच्याच नावावर करार आणि बाकीच्या हवेत, असं पुण्यात फार चालतं आणि पासपोर्टच्या वेळी तीच एक सुटते. करार हातात आला की त्यावर आधारचा पत्ता पुण्याचा करून घ्या. शेवटचं वर्ष संपून तुम्ही सहा महिन्यांत घरीच जाणार असाल तर मात्र थांबा, घरी जाऊनच काढा, घाई काय आहे.

पोलीस स्टेशन निवडताना घोळ घालू नका एवढं मात्र बघा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी तीन वेगळी हद्द आहे, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ साली वेगळं झालं आणि कडेकडेच्या गावांमध्ये आपण कुणाच्या हद्दीत हे लोकांना अजून ठाऊक नसतं. आधी चौकीत जाऊन विचारा.

प्रश्न : व्हेरिफिकेशनला येणाऱ्यांना काही द्यावं लागतं का? रेट काय आहे सध्या? – नाव नको, हडपसर

उत्तर : रेट शून्य. १,५०० मध्ये सगळं आलं. पोलिसांनी २१ दिवसांत रिपोर्ट दिला तर प्रत्येक अर्जामागे १५० रुपये परराष्ट्र मंत्रालय राज्याला देतं, ते तुमच्या खिशातून काढायचे नसतात. चहा विचारायला हरकत नाही, आपल्याकडे आलेल्या माणसाला विचारतोच. आमच्याकडे आलेल्या साहेबांनी तोही घेतला नाही, कागद बघितले, टॅबवर फोटो काढला, शेजारच्या काकूंना दोन प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत गेले. तुम्ही मात्र ओरिजिनल तयार ठेवा आणि फोन उचला, अनोळखी नंबर म्हणून कट करणारे पुष्कळ असतात आणि मग स्टेशनच्या नावाने बोटं मोडतात.

प्रश्न : पासपोर्ट २०२१ ला संपला. साइटवर रिन्यूअल सापडतच नाही. आता नवीन काढू का? जुन्यावर अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे. – एक वाचक, औंध

उत्तर : रिन्यूअल म्हणून शोधाल तर नाहीच सापडणार, त्याचं नाव री-इश्यू. कितीही वर्षांपूर्वी संपलेला असला तरी री-इश्यूच, ‘माझ्याकडे आधी पासपोर्ट नव्हता’ असं चुकूनही टिक करू नका. तीन वर्षांच्या वर झालीत त्यामुळे पोलीस पुन्हा येतील असं धरून चाला. जुना पासपोर्ट रद्द करून तुम्हाला परत देतात, तो जपून ठेवा, त्यातला चालू व्हिसा नव्यासोबत दाखवता येतो. बाकीच्यांना सांगते, संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो आणि कितीतरी देश सहा महिने तरी शिल्लक हवेत म्हणतात, म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट खरं तर साडेनऊ वर्षांचाच समजा. आता नवीन मिळेल तो चिपवाला ई-पासपोर्ट असेल, कव्हरवर खाली सोनेरी चिन्ह असतं. ज्यांचे जुने अजून चालू आहेत त्यांनी चिपसाठी धावायची गरज नाही.

प्रश्न : मुलगी २०२४ च्या फेब्रुवारीतली. जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही, तेव्हा बारसं व्हायचं होतं. – एक आई, वारजे

उत्तर : १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो, दुसरं काहीच नाही. त्यामुळे आधी दाखल्यावर नाव चढवा, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा. वर्षाच्या आत फुकट असतं, नंतर थोडी लेट फी, पण पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं. नाव लिहितानाच इंग्रजी स्पेलिंग ठरवून जा, तिथे टेबलावर भांडू नका. मग तुम्हा दोघांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती असतील तर त्या, आणि चार वर्षांच्या आतली असल्यामुळे पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो आपणच न्यायचा. फी १,००० पण आठ वर्षांच्या आतल्यांना दहा टक्के सूट, म्हणजे ९००. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळेल. झोपेची वेळ बघून अपॉइंटमेंट घ्या.

प्रश्न : सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं होतं, शेजाऱ्याने एनसी (पोलिसांत अदखलपात्र तक्रार) केली. पासपोर्ट अडकेल का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पार्किंग! दुसरं काय असणार. कायद्यात अडतं ते कोर्टात फौजदारी केस चालू असेल तेव्हा, आणि तेव्हासुद्धा कोर्टाची परवानगी आणली की मिळतो. नुसती तक्रार नोंदली म्हणजे केस चालू झाली असं नाही. पण स्टेशनला जाऊन ती नोंद नेमकी काय आहे आणि पुढे काही झालंय का ते बघून घ्या, आणि कोर्टाचा कागद आला असेल तर फॉर्ममध्ये लपवू नका. तो नंतर सापडतोच, आणि लपवल्याचा गुन्हा वेगळा लागतो.

प्रश्न : एजंट ६,००० म्हणतो, तत्काळमध्ये करून देतो म्हणतो. – तीन-चार जण

उत्तर : तत्काळची जादा फी २,०००, म्हणजे मोठ्या माणसाचे एकूण ३,५००. उरलेले अडीच हजार तो तुमचा फॉर्म टाइप करायचे घेतो, आणि तो टाइप करताना तुमचं स्पेलिंग त्याच्या मनाने. अपॉइंटमेंट तोही तुमच्यासारखीच साइटवरून काढतो. फक्त साइट खरी आहे ना बघा, शेवटी जीओव्ही डॉट इन असलं पाहिजे, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या बऱ्याच खोट्या असतात आणि हुबेहूब दिसतात.

प्रश्न : फोटोसाठी कुठले कपडे घालू? – एक कॉलेजकुमार, कोथरूड

उत्तर : पांढरा सोडून काहीही. मागचा पडदा पांढरा असतो, आमच्या भाच्याने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि आता पासपोर्टवर त्याचं नुसतं मुंडकं तरंगतंय, २०३५ पर्यंत.